आरोपीचा वकील आणि टिळकांचे तीन खटले

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. आणि कोर्टाचा विषय निघाला की वकिलांविषयीचा एक जुना आक्षेपही बहुधा तिच्या मागोमाग येतो. ज्याने अपराध केला नाही त्यास वकील कशाला हवा, आणि ज्याने केला आहे त्याची बाजू भल्या माणसाने घ्यावी तरी कशी, असा तो आक्षेप आहे. वरवर पाहता हा पेच बिनतोड दिसतो. परंतु त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. ती ही की, अपराध झाला किंवा नाही आणि तो कोणाच्या हातून झाला, हे खटला चालण्यापूर्वीच आपणांस कळून चुकले आहे. वस्तुतः खटला चालावयाचा तो हेच ठरविण्यासाठी.

आरोपीच्या पाठीशी कायदा जाणणाऱ्या माणसाने उभे राहावे, ही कल्पना आपण समजतो तितकी पुरातन नाही. ज्या इंग्लंडातून आपली फौजदारी न्यायपद्धती आली, त्या देशातही चोरी, दरोडा, खून अशा भारी गुन्ह्यांत आरोपीतर्फे ज्यूरीपुढे भाषण करण्याची मुभा वकिलास १८३६ सालापर्यंत नव्हती. हिंदुस्थानातील फौजदारी काम चालविण्याच्या कायद्याने आरोपीस वकील देण्याचा हक्क मान्य केला खरा. पण हक्क मान्य होणे निराळे आणि त्या हक्काचा उपयोग काय, हे समजणे निराळे. तो उपयोग समजून घ्यावयाचा तर लोकमान्य टिळकांवर १८९७, १९०८ आणि १९१६ या तीन साली झालेल्या कारवायांहून अधिक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आम्हांस दिसत नाही. तिन्ही वेळा आरोपी एकच. आरोपाचा गाभाही एकच, म्हणजे राजद्रोह. तिन्ही वेळा शब्द मराठीत लिहिलेले वा बोललेले, आणि त्यांचा न्याय मात्र इंग्रजीत व्हावयाचा. बदलत गेला तो बचाव. पहिल्या वेळी नामांकित बॅरिस्टर उभे राहिले, तरी शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी टिळक स्वतःच बोलले, तेव्हाही शिक्षा झाली. तिसऱ्या वेळी पुन्हा बॅरिस्टर उभे राहिले आणि टिळक सुटले. एवढ्यावरून नफातोट्याचा हिशेब मांडू गेल्यास दोन हारी आणि एक जीत, इतकेच हाती लागेल. खरा बोध या हिशेबाच्या पलीकडे आहे.

१८९७ च्या जून महिन्याच्या २२ तारखेस रात्री पुण्याच्या गणेशखिंडीत रँडसाहेबांवर आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि ‘भवानी तलवार’ या सहीची एक कविता छापून आली होती. या मजकुरावरून २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईस पकडण्यात आले. खुनाच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवलेला नव्हता. आरोप होता तो पीनल कोडाच्या १२४-अ कलमाखाली, म्हणजे सरकाराविषयी अप्रीती उत्पन्न केल्याचा. तथापि त्या दोन खुनांची छाया साऱ्या खटल्यावर पडली होती, हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी आरोपीस पहिली अडचण पडते ती कायद्याची नव्हे, तर कोठडीची. कागद मिळवावयाचे, साक्षीदार शोधावयाचे, मित्रांशी खल करावयाचा, आणि हे सारे गजांआडून करावयाचे! आधीचे जामिनाचे प्रयत्न फसल्यावर बॅ. दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यापुढे टिळकांचा जामीनअर्ज चालविला, आणि ४ ऑगस्ट रोजी जामीन मंजूर झाला. खटला सुरू झाला ८ सप्टेंबरला. म्हणजे बचावाची तयारी करण्यास एक महिन्याहून अधिक काळ टिळकांना मोकळेपणी मिळाला. आरोपीस वकिलाची पहिली मदत होते ती ही. तीत वक्तृत्वाला टाळ्या पडत नाहीत आणि वर्तमानपत्रांत तिला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु पुढची सारी इमारत त्याच पायावर उभी राहते.

खटल्यासाठी कलकत्त्याहून बॅ. प्यू आणि त्यांच्या मदतीस बॅ. गार्थ आले. यासाठी बंगालात वर्गणी जमली, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर हे काम चालले. बचावाचा मुख्य रोख एका शब्दावर होता. कलमातच असे स्पष्ट केलेले होते की, कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची वृत्ती कायम ठेवून सरकारच्या उपायांविषयी नापसंती दर्शविणे म्हणजे अप्रीती नव्हे. मग नापसंती कोठे संपते आणि अप्रीती कोठे सुरू होते? सामान्य वाचकास हा शब्दच्छल वाटेल. परंतु त्या दोन शब्दांमधील रेषेच्या अलीकडे मुद्रणस्वातंत्र्य होते आणि पलीकडे तुरुंग होता. न्यायमूर्तींनी ज्यूरीस समजावून दिले ते असे की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार, कोणत्याही प्रकारचा दुर्भाव तीत येतो. तो थोडा की फार हे पाहण्याचे कारण नाही, आणि त्यापासून दंगा किंवा बंड झाले पाहिजे असेही नाही. हा अर्थ एकदा पत्करल्यावर निकालास फारसा अवधी उरला नाही. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. आणि १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. पुढे प्रिव्ही कौन्सिलात अपिलाची परवानगी मागण्यासाठी अॅस्क्विथ उभे राहिले, जे नंतर इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. तेथेही दाद लागली नाही.

या खटल्यात माफी मागून सुटका करून घ्यावी, असा आग्रह काही स्नेह्यांनी टिळकांस केला होता. त्यांनी तो मानला नाही. लोकांतील आपले स्थान आपल्या चारित्र्यावर अवलंबून आहे, ते गेल्यावर सुटून तरी काय मिळवावयाचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. येथे वकिलाच्या धर्माची एक मर्यादा स्पष्ट होते. कोणत्या मार्गाने काय परिणाम होईल हे वकिलाने आरोपीस निर्भीडपणे सांगावे. परंतु कोणता परिणाम सोसावयाचा हे आरोपीनेच ठरवावे. तुरुंगात जावयाचे असते ते आरोपीस, वकिलास नव्हे. याच शिक्षेच्या काळातली एक गोष्ट चरित्रकार सांगतात. रँडच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेले दामोदर चापेकर त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि टिळकही तेथेच. दामोदरपंतांच्या अर्जाचा मसुदा टिळकांनी करून दिला. फाशी टळली नाही. १८ एप्रिल १८९८ रोजी ती झाली. परंतु ज्याच्यासाठी नुकतेच दुसरे बोलले होते, त्याने आपल्याहून अधिक असहाय माणसासाठी लेखणी हाती घ्यावी, यात वकिलीच्या धंद्याचे मूळ दिसते असे आम्हांस वाटते. येथे मोबदला नव्हता की यशाची आशा नव्हती. जे म्हणणे मांडावयाचे ते नीट शब्दांत मांडले जावे, एवढाच हेतू होता.

अकरा वर्षांनी दृश्य पालटले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडून दोन युरोपियन स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर केसरीत आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांस २४ जून रोजी पकडण्यात आले. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर महंमदअली जिना उभे राहिले. न्यायासनावर होते ते न्यायमूर्ती दावर. १८९७ साली याच टिळकांना ज्यांनी जामीन मिळवून दिला तेच. या वेळी त्यांनी जामीन नाकारला. या योगायोगावर पुष्कळ लोकांनी कडवट टीका केली आहे, आणि ती अगदी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीतून एक वेगळी गोष्टही शिकण्यासारखी आहे. वकील बोलतो ते आपले मत म्हणून नव्हे, तर आरोपीचे जे म्हणणे कायद्यापुढे आलेच पाहिजे ते म्हणून. दावर १८९७ साली टिळकांसाठी बोलले म्हणजे ते टिळकांच्या मताचे झाले, असे मानणे जितके चूक, तितकेच आरोपीच्या वकिलास आरोपीच्या कृत्याचा भागीदार मानणेही चूक.

बचाव कसा करावा यावरून टिळक आणि जिना यांचा मतभेद झाला. जिनांनी पुढे आपल्या आठवणीत हे सांगितले आहे की, वकील या नात्याने बचावास जे सर्वांत हितावह वाटत होते त्याखेरीज दुसरी दिशा घेण्यास आपण तयार नव्हतो. टिळकांस मात्र आपल्या राजकीय भूमिकेचा उच्चार भर कोर्टात करावयाचा होता. दोघेही आपापल्या ठिकाणी प्रामाणिक होते. अखेर टिळकांनी आपला बचाव आपणच केला. ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते, त्यांनी पुण्यास कायद्याचा वर्गही चालविला होता, आणि जवळ बॅप्टिस्टा, खापर्डे यांच्यासारखे कायदेपंडित स्नेही होते. तेव्हा हे धाडस अडाण्याचे नव्हते. १३ जुलैला सुरू झालेल्या त्या खटल्यात त्यांनी सर्व मिळून एकवीस तास दहा मिनिटे भाषण केले. सरकारी भाषांतरात आपल्या मराठी शब्दांचा अर्थ कसा बिघडला आहे, हे त्यांनी शब्दाशब्दांनी दाखविले आणि भाषांतरकाराची उलटतपासणी केली. घराच्या झडतीत स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले होते. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका करावयाची म्हणून ती नावे टिपून ठेवली, असा त्याचा खुलासा त्यांनी केला. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी अनेक वर्तमानपत्रे व कागद पुराव्यात दाखल केले. परंतु त्या वेळच्या नियमाप्रमाणे बचावाने पुरावा दिला की उत्तराचे भाषण करण्याचा अधिकार फिर्यादी पक्षाकडे जाई. त्यामुळे ज्यूरीच्या कानी दोन्ही पक्षांपैकी शेवटचे शब्द पडले ते सरकारतर्फे बोलणाऱ्या बॅ. ब्रॅन्सन यांचे.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. मानवी न्यायासनाहून वरिष्ठ अशा शक्ती जगाचा कारभार पाहतात, आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच आपल्या कार्यास बळ यावे अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ते आज मुंबई हायकोर्टात संगमरवरावर कोरलेले आहेत. दावर यांनी लेखांस विकृत बुद्धीचे फळ ठरवून सहा वर्षे काळेपाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा दिली. त्यावर मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. मग हा बचाव फसला म्हणावयाचा की यशस्वी झाला? नऊ ज्यूरर्सपुढे तो फसला. देशापुढे तो फसला नाही. पण ही कसोटी सर्वांस लावता येत नाही. टिळकांची वाणी, टिळकांची विद्या आणि आपल्यामागे देश उभा आहे ही खात्री, या तीन गोष्टी ज्या आरोपीपाशी असतील त्याने खुशाल स्वतः बोलावे. पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांपाशी यांतील एकही नसते. त्यांना आपले नाव सांगतानाही कंप सुटतो.

मंडालेहून १९१४ साली परत आल्यावर टिळकांनी स्वराज्यसंघाची चळवळ सुरू केली. १९१६ च्या मे-जूनमध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथे त्यांनी केलेल्या तीन भाषणांवरून, चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी नोटीस त्यांच्यावर बजावण्यात आली. आणि तीही त्यांच्या एकसष्टीच्या समारंभात, २३ जुलै रोजी. पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटांनी वीस हजारांचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन द्यावे, असा हुकूम केला. या वेळी जिना उभे राहिले, आणि या वेळी बचावाची दिशा त्यांच्या हाती होती. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांच्यापुढे त्यांनी जे सांगितले त्यात क्रांतिकारक असे काही नव्हते. भाषणे समग्र वाचा. सुटे वाक्य उचलून त्यावर बोट ठेवू नका. वक्ता कायदेशीर मार्गाने राज्यव्यवस्थेत बदल मागत आहे हे ध्यानात घ्या, असा त्यांचा रोख होता. नोकरशाहीवरील टीका म्हणजे सरकारवरील टीका नव्हे, असाही मुद्दा त्यांनी काढला. हा शेवटचा मुद्दा न्यायमूर्ती बॅचलर यांनी मान्य केला नाही. सरकार आपल्या नोकरवर्गाच्या द्वारेच वागत असते, तेव्हा त्या साऱ्या वर्गावरील हल्ला सरकारवर पडू शकतो, असे ते म्हणाले. परंतु भाषणांचा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे हे त्यांनी मानले, आणि तसे पाहता ती अप्रीती उत्पन्न करणारी ठरत नाहीत, असा निर्णय दिला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅजिस्ट्रेटांचा हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणे हा स्वतः गुन्हा नव्हे, ही गोष्ट कोर्टाच्या निकालानेच देशास कळली. जिना त्या काळी टिळकांच्या पक्षाचे नव्हते. तरी टिळकांची बाजू त्यांनी जिवाच्या कराराने मांडली. आक्षेपकांनी हेही ध्यानात ठेवावे.

आता तिन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहू. आरोपीस वकील सोडवतो, ही समजूत अपुरी आहे. सुटका कधी होते, कधी होत नाही. ती काळावर, न्यायाधीशावर आणि ज्यूरीवरही अवलंबून असते. वकील करतो ते असे की, सरकारच्या मनातील राग त्याला शब्दांत मांडावयास लावतो. कोणते वाक्य? कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ? कोणते कलम, कोणता साक्षीदार, कोणते भाषांतर? हे प्रश्न विचारले गेले नाहीत तर आरोप धुक्यासारखा पसरून राहतो, आणि धुक्याशी कोणाला लढता येत नाही. प्रश्न विचारले गेले म्हणजे शिक्षा देणाऱ्यासही तिची कारणे उघड करून सांगावी लागतात. १८९७ साली बॅ. प्यू हरले, परंतु त्यांच्या झगड्यामुळेच स्ट्रॅचीसाहेबांस प्रीतीचा अभाव ही आपली व्याख्या स्वच्छ शब्दांत सांगावी लागली, आणि उघड सांगितलेल्या गोष्टीवरच पुढच्या पिढीस वाद घालता येतो. त्या व्याख्येची धार १९१६ साली बोथट झाली. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलाने ती पुन्हा उचलून धरली. पण १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, हिंसेस चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था यांपर्यंतच ते कलम मर्यादित केले. २०२२ साली त्याच न्यायालयाने त्या कलमाचा अंमल थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून मूळचे पीनल कोडच जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नव्या संहितेच्या १५२ व्या कलमावरही तसाच वाद घालणारे वकील लागणार आहेत, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

आरंभीच्या आक्षेपाचा दुसरा भाग उरतो : खरोखर अपराधी असणाऱ्याची बाजू घ्यावी काय? खोटे आहे हे ठाऊक असता ते खरे म्हणून सांगण्याचा, किंवा खोटा साक्षीदार उभा करण्याचा अधिकार वकिलास मुळीच नाही. परंतु अपराध शाबीत करण्याचे ओझे फिर्यादी पक्षावर आहे, आणि ते ओझे त्याने पुरते उचलले आहे की नाही हे पाहण्याचा त्यास अधिकारच नव्हे, तर ते त्याचे कर्तव्य आहे. अपराध्यासाठी हे कर्तव्य ढिले केले तर ते निरपराध्यासाठीही ढिले होते. कारण निकाल लागेपर्यंत दोघेही त्याच पिंजऱ्यात, त्याच कपड्यांत उभे असतात.

राहता राहिली एक गोष्ट, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. टिळकांसाठी बंगालने वर्गणी गोळा केली. सामान्य कैद्यासाठी कोण करणार? वकील देण्याचा हक्क त्या वेळी कायद्यात होता, पण वकिलाची फी कायदा देत नव्हता. भारताच्या संविधानाने २२ व्या अनुच्छेदात आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला; १९७६ साली ३९-अ अनुच्छेदाने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे ध्येय ठरविले; १९७८ साली, ज्यात महाराष्ट्र राज्यच पक्षकार होते अशा एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्यास अपिलासाठी वकील पुरविणे हे राज्याचे कर्तव्य मानले; आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यासाठी यंत्रणा उभी केली. हे सारे स्तुत्य आहे. तथापि यादीतील नाव म्हणजे वकील नव्हे. १८९७ साली टिळकांस मिळालेला महिना आठवा. ज्या आरोपीस त्याचा वकील पहिल्यांदा भेटतो तो सुनावणीच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात, त्यास हक्क मिळाला खरा, मदत मिळाली नाही.

तेव्हा एखाद्या घोर गुन्ह्याची बातमी वाचून, अशा माणसाचे वकीलपत्र घेणाऱ्याविषयी आपल्या तोंडून कठोर शब्द निघू लागला, तर वाचकांनी क्षणभर १८९७ चे ते कोर्ट डोळ्यांपुढे आणावे. त्या दिवशी अँग्लो-इंडियन पत्रांच्या दृष्टीने पिंजऱ्यातील माणूस घोर अपराधीच होता. त्याच्या बाजूने कायद्याचे पुस्तक उघडून कोणी उभा राहिला, याबद्दल आज सारा महाराष्ट्र कृतज्ञ आहे. आपणांस न आवडणाऱ्या आरोपीसाठीही कोणी तसा उभा राहत असेल, तर त्याला निदान शांतपणे बोलू द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.